ग्राहक क्रमांक ४४१७

गावाचं नाव सूर.
देवरुखात सांगितलं तेव्हा थोरल्या बहिणीला वाटलं,
मी पेटी शिकवायला चाललोय.
चाललो होतो पाण्याची बिलं काढायला.

एकतीस वर्षं झाली.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आत मशीनच्या खोलीत अठरा,
म्हणून खुर्चीच्या पाठीला कायम एक स्वेटर.
अरबीत प नाही. पोंक्षे गेले, बोंक्शी आले.
मशीनमध्ये तर सगळ्याच गावाची नावं उलटी,
ती सुलटी करणारी ओळ पहिल्याच वर्षी मी लिहिली.
शतक बदललं तेव्हा दोन आकडी सालांना
चाळीसपर्यंत पुरेल असं ठिगळ लावलं.
खल्फान मुदीर म्हणाले, चाळीस साली बघू.
दोघंही हसलो.
दोघांनाही चाळीस साल बघायचं नव्हतं.

आता मस्कतहून निधी आलाय.
एवढे लाख रियाल, तीन टप्प्यांत.
यंत्रांचे वेगळे, परवान्यांचे वेगळे,
प्रशिक्षणातल्या खजूर-कहव्याचेसुद्धा वेगळे,
आणि जुनं मशीन भंगारात टाकायला स्वतंत्र शीर्षक.
मी त्या कागदांत स्वतःला शोधलं.
पान अकरावर, ‘जोखीम’ या सदरात सापडलो:
एकच माणूस, वय एकसष्ट.

खरं सांगायचं तर वाईट नाही वाटलं.
मशीन टेकलंच होतं.
टेप वाचणारं डोकं मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचो,
तान्ह्याचे कान पुसावेत तसं.
शेवटचा सुटा भाग शारजाच्या भंगारवाल्याकडून
स्वतःच्या पैशानं आणला.
पावती अजून पाकिटात आहे.

झुवैना आली. पंचविशीची, इथलीच, मस्कतला शिकलेली.
माझ्या कोबॉलकडे बघते ती
किनाऱ्यावर अर्ध्यात सोडलेल्या गलबताकडे बघावं तशी.
ओळीओळीला विचारते: हा नियम का? ठराव कोणता?
मी सांगतो, ती लिहून घेते.
तेवीसशे बाराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.
ग्राहक ४४१७ असेल तर पुढचं सगळं सोडून दे.
थकबाकी मोजू नको. नोटीस काढू नको.
नळ तोडू नको.

का?

ऐजाकडची सलूमा. नवरा पाइपलाइनीच्या चरात होता,
वाळू ढासळली.
खल्फान तिच्या दारात उभे राहून म्हणाले,
मी असेपर्यंत तुझं पाणी तुटणार नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले.
कागद नाही, सही नाही.
फक्त एवढंच, बोंक्शी, हे आत घाल.

खल्फान जाऊन पंधरा वर्षं झाली.
मशीनला ते कोणी कळवलं नाही.

झुवैना पडद्याकडे बघत राहिली.
नव्या प्रणालीत कारणांची यादी आहे, म्हणाली, सतरा कारणं.
ठराव, आदेश, न्यायालय, चूक.
चूक टाकू?
नको, म्हणालो.
शेवटी ‘इतर’चा एक रकाना होता, चाळीस अक्षरांचा.
मशीनचा शब्द बत्तीस बिटांचा, मी सुरुवात केली,
आणि आमच्याकडे जो देतात तो…
आमच्याकडेही देतात, ती म्हणाली.
तिनं लिहिलं, अरबीत, उजवीकडून,
आणि ते सुलटं करायला कोणी लागलं नाही.

गुरुवारी बटण बंद केलं.
पंखे थांबायला बराच वेळ लागला.
खोली हळूहळू बाहेरच्यासारखी झाली.

पहिल्या तारखेला नवी बिलं निघाली.
संध्याकाळी मी पूल ओलांडून ऐजाला गेलो,
काखेत स्वेटर, का आणला कोण जाणे.
सलूमाच्या कुंपणाशी शेळ्यांची बादली,
वर नळ, गळका,
थेंबाथेंबानं खालची वाळू काळी झालेली.
इतक्या वर्षांत तिनं एकही तक्रार नोंदवली नव्हती.